वीस अश्वशक्तींची कैफियत

जिची घडण पाऊणशे वर्षांपूर्वीच्या नमुन्याबरहुकूम केलेली आहे, जिची शक्ती जवळपास तेवढ्याच आकाराच्या इंजिनाच्या इतर गाड्यांच्या निम्मीदेखील नाही आणि जिचे वजन मात्र त्यांच्याहून पुष्कळ अधिक आहे, अशी मोटारसायकल एखाद्या कमावत्या आणि विचारी व्यक्तीने बुद्धिपुरस्सर का घ्यावी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ हौसेचा वाटतो. परंतु आमच्या घरी त्यावर जो वाद झाला तो ऐकल्यापासून हा प्रश्न हौसेच्या सदरात टाकून मोकळे व्हावे, असे मला वाटेनासे झाले आहे.

वादी-प्रतिवादी दोघेही घरचेच. माझी कन्या वैदेही कराडच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते आणि साताऱ्याहून आपल्या रॉयल एनफील्ड क्लासिक 350 वर जाऊन-येऊन करते. तिचे मामा, म्हणजे आमचे ज्येष्ठ मेहुणे, परिवहन खात्यात मोटार वाहन निरीक्षक होते. अपघातग्रस्त वाहनांची तपासणी करून त्यांचे अहवाल लिहिण्यात त्यांच्या नोकरीचा मोठा काळ गेला असल्यामुळे वाहनांविषयी ते ऐकीव माहितीवर बोलत नाहीत, आणि तरुणपणी त्यांनी जुनी बुलेट स्वतः चालविलेली आहे. म्हणजे जुने रूप पसंत करणारी व्यक्ती वयाने लहान आणि त्या रूपावर हरकत घेणारी व्यक्ती ते जुने दिवस प्रत्यक्ष जगलेली, अशी ही मांडणी होती. आणि एरवी दोन पिढ्यांच्या वादाला जो ठरीव सूर असतो तो याला लागला नाही, याचे श्रेय मी त्या मांडणीला देतो.

मामांनी प्रारंभ केला. "वैदेही, तुझ्या गाडीत वाईट काही नाही, माझी हरकत आहे ती तिच्या वेषाला. आम्ही जी गाडी चालवीत होतो ती जुन्या घाटाची होती, कारण आम्हाला दुसरी निवड फारशी नव्हती. ती सुरू करणे हाच एक संस्कार होता. ॲमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हलक्या पायाने दाबत न्यायची. पिस्टन दाबाच्या माथ्याशी आला हे काट्याने सांगितले की डाव्या मुठीजवळची डीकंप्रेशरची खिटी ओढून किक तसूभर पुढे सरकवायची, खिटी सोडायची, किक पुन्हा वर येऊ द्यायची आणि मग सबंध देहाचा भार टाकून एकच लाथ मारायची. ठिणगीची वेळ जराशी चुकलेली असली तर किक उलटून येई, आणि तिचा तडाखा नडगीवर बसलेला माणूस तो जन्मभर विसरत नसे. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला, पहिला गिअर वर आणि बाकीचे तीन खाली, न्यूट्रल सापडावा म्हणून टाचेने दाबायची निराळी पट्टी. पुढे 1985 च्या सुमारास शंभर सीसीच्या जपानी घडणीच्या गाड्या आल्या तेव्हा लोकांनी त्या घेतल्या याचे कारण लोकांची रसिकता आटली हे नव्हते. त्या गाड्या सकाळी सुरू होत आणि थोड्या पेट्रोलात दिवसभर चालत. आता तुझी गाडी बटणावर सुरू होते, तिच्यात पेट्रोल किती सोडायचे याचा हिशेब संगणक करतो, ब्रेकला एबीएस आहे. एवढे सगळे नवे घेऊन वर जुन्याचा अंगरखा कशासाठी? ज्या कष्टांचा तुम्हाला स्पर्श झाला नाही त्यांच्या आठवणी पैसे मोजून घेणे, याला मी सोंग म्हणतो."

हा आक्षेप मला वजनदार वाटला, आणि अजूनही वाटतो. गतकाळाचे जे रूप बाजारात मांडले जाते त्यातून त्या काळाचा घाम आधी पुसून टाकलेला असतो. आणि ज्यांनी तो घाम गाळला त्यांना ते रूप पाहून परकेपणा वाटला तर तो त्यांचा हटवादीपणा म्हणता येणार नाही.

वैदेहीने उत्तर इतिहासापासून सुरू केले. "मामा, मध्ये लोपलेली आणि पुन्हा उभी केलेली वस्तू असती तर सोंग हा शब्द मी मुकाट्याने ऐकून घेतला असता. विलायतेत रेडिच नावाच्या, सुयांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी 1901 साली एनफील्डची पहिली मोटारसायकल निघाली. बुलेट हे नाव 1932 चे. आणि माझ्या गाडीचे जे रूप तुम्हाला खटकते, तो गोल दिवा आणि ती थेंबाच्या आकाराची टाकी, ते दुसऱ्या महायुद्धानंतरच्या चार-पाच वर्षांतले. सरहद्दीवरच्या गस्तीसाठी आपल्या लष्कराने ही गाडी पसंत केली, 1955 साली मद्रासच्या कंपनीशी करार होऊन तिरुवोत्तियूरला तिची जुळणी सुरू झाली, आणि मूळ विलायती कारखाना 1970 च्या सुमारास कायमचा बंद पडल्यावरही मद्रासचे काम थांबले नाही. म्हैसूरच्या येझदीचे उत्पादन 1996 साली थांबले आणि तिचे आधीचे जावा हे नाव बाजारात परतले ते 2018 साली. तिथे मधला खंड आहे. बुलेटला तो खंड नाही. आपल्याकडे ही गाडी स्मरणातून आलेली नाही, ती दारासमोरून जातच होती."

"नाव अखंड आहे हे मला कबूल," मामा म्हणाले, "पण मी नावाची नव्हे, यंत्राची तपासणी करणारा माणूस आहे. तुझ्या क्लासिकचा पहिला अवतार 2009 सालचा. त्याच सुमारास इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात आले आणि गिअर डाव्या पायाकडे गेला. पुढे 2021 साली तुझ्या गाडीचे आजचे इंजिन आले. त्यात पुशरॉड जाऊन कॅमशाफ्ट सिलिंडरच्या माथ्यावर बसला आणि कंप जिरविण्यासाठी बॅलन्सर शाफ्ट घातला. माझ्या जुन्या गाडीचा एक नटबोल्ट तरी हिला बसेल का?"

"नटबोल्ट बसणार नाही, प्रमाण बसेल," वैदेही म्हणाली, आणि माझ्या मते या वादाचा मध्यबिंदू तिच्या पुढील बोलण्यात होता, म्हणून ते मी सविस्तर देतो. "तुमच्या बुलेटच्या सिलिंडरचा व्यास 70 मिलिमीटर होता आणि पिस्टनची धाव 90. माझ्या गाडीत व्यास 72 आणि धाव 85.8. आता चाकणला तयार होणारी केटीएमची 390 ड्यूक घ्या. तिच्या पहिल्या, 373 सीसीच्या इंजिनात व्यास 89 आणि धाव अवघी 60. तुमच्या नि माझ्या इंजिनात पिस्टन अरुंद आणि लांब पल्ल्याचा, ड्यूकमध्ये रुंद आणि आखूड पल्ल्याचा. आखूड पल्ल्याचे इंजिन फार जलद फिरू शकते, आणि शक्ती म्हणजे टॉर्क आणि फेरे यांचा गुणाकार, म्हणून मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांच्या आसपास ते सुमारे 43 अश्वशक्ती देते. माझे इंजिन 6,100 फेऱ्यांना 20.2 अश्वशक्तीवर थांबते. परंतु त्याचा सर्वांत मोठा टॉर्क, 27 न्यूटन-मीटर, 4,000 फेऱ्यांनाच हाती लागतो, आणि त्याच्याही पुष्कळ खाली तो बराचसा मिळू लागलेला असतो. म्हणून गिअर न बदलता, इंजिनाला न किंचाळविता, ते भार ओढते. चार स्ट्रोकच्या एका सिलिंडरात दर दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो. गाडी जागेवर उभी असताना सेकंदाला आठ-नऊ ठोके पडतात आणि ते कानाला सुटेसुटे ऐकू येतात, आणि ठोके सेकंदाला विसाच्या पुढे गेले की एकमेकांत मिसळून त्यांचा स्वर होऊ लागतो. तीन हजार फेऱ्यांना, म्हणजे मी ज्या चालीने कराडला जाते त्याच्या जवळपास, सेकंदाला पंचवीस ठोके पडतात. ठोके आणि स्वर यांच्या सीमेवरचा हा जो नाद आहे तो पिस्टनच्या लांब धावेतून आणि मंद फेऱ्यांतून निघतो. तो रंगवून आणता येत नाही. या चालीच्या इंजिनाला सरळ बसून चालवायची बैठक, रुंद हँडल आणि गोल दिवा हेच रूप शोभते. मी ती चाल घेतली. रूप तिच्याबरोबर आले."

मामा काही वेळ बोलले नाहीत. ते यंत्र जाणणारे आहेत, आणि एखाद्या आक्षेपाला योग्य उत्तर मिळाले तर ते मान्य करण्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. मात्र त्यांनी लगेच दुसरा मोर्चा उघडला, आणि तो पहिल्याहून बळकट होता.

"प्रमाणाचे सौंदर्य मी मान्य करतो; आता जमाखर्च पाहू. तुझी गाडी 195 किलोची आणि वीस अश्वशक्तीची. सव्वाशे सीसीची साधी गाडी सुमारे 120 किलोची आणि अकरा अश्वशक्तीच्या आसपासची. शक्तीला वजनाने भागलेस तर तू तिच्या फारशी पुढे नाहीस. आणि पेट्रोलात ती तुझ्या दीडपटीहून अधिक जाते. रस्त्यावर येईपर्यंत तू दोन लाखांच्या घरात पैसे मोजलेस. पण पैशाचे सोड, तो तुझा आहे. मी बोलतो आहे ते ओलांडून जाण्याविषयी. दोनपदरी रस्त्यावर एसटी ताशी 60 ने चालली आहे आणि तू 80 ने तिला ओलांडते आहेस, असे समज. फरक 20 चा, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. एसटीची लांबी आणि मागेपुढे राखायचे अंतर धरून 40 मीटर कापायचे तर सात सेकंदांहून अधिक लागतात. तेवढ्यात तू स्वतः 160 मीटर पुढे गेलीस आणि समोरून 60 ने येणारा ट्रक 120 मीटर जवळ आला. म्हणजे 280 मीटर रस्ता मोकळा पाहिजे. हाच फरक 40 चा असता तर 160 मीटर पुरले असते. मी तपासलेल्या गाड्यांपैकी कितीतरी या मधल्या अंतरात सापडलेल्या होत्या. शक्तीला तुम्ही मुले मिजास समजता. मी तिला शिल्लक समजतो."

हे बोलताना त्यांचा आवाज खाली आला होता, आणि त्यामागे कोणत्या आठवणी होत्या हे आम्हा दोघांनाही कळत होते. वैदेहीने उत्तर देण्यापूर्वी थोडा वेळ जाऊ दिला.

"तुमचा गुणाकार बरोबर आहे, मामा, पण त्यातला पहिलाच आकडा कायद्याबाहेरचा आहे. केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारसायकलीला ताशी 80 ची कमाल मर्यादा आहे आणि साध्या दोनपदरी रस्त्यावर 60 ची. म्हणजे 60 ने चाललेल्या एसटीला तिथे ओलांडण्याचा अधिकार मला नाही, आणि त्रेचाळीस अश्वशक्तीवाल्यालाही नाही. तो ओलांडू शकतो म्हणून ओलांडतो. मला ओलांडता येणार नाही हे ठाऊक असते म्हणून मी मागे राहते. माझ्या रोजच्या रस्त्यावर ओलांडायचे असते ते गळिताच्या हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला, आणि तो 20-25 ने जात असतो. तिथे तिसऱ्या गिअरमध्ये मूठ पिळली की गाडी 25 वरून 50 वर जी जाते ती टॉर्कावर जाते. माझ्या इंजिनाचा जो भाग बलवान आहे तोच तिथे कामी येतो. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर दुचाकीला मुळात मज्जावच आहे. आपण जुन्या रस्त्यानेच जायचे. मग उरलेली शक्ती खर्चायची कुठे? पानात कितीही वाढलेले असो, पोटात जाईल तेवढेच आपले. मी माझ्या गाडीचे सगळे पान संपविते, आणि मोठ्या गाड्या चालविणारे माझे सहकारी निम्मे पान टाकून उठतात. निम्मे टाकावे लागते हे त्यांनाही सलते, म्हणून अधूनमधून ते सगळे एकदम संपवायला जातात, आणि मग तुमच्या खात्याला काम लागते."

येथे मला माझे मत नोंदविले पाहिजे. दोनपदरी रस्त्यांविषयी वैदेहीचे म्हणणे मला पूर्णपणे पटले; परंतु पुणे-बंगळूर महामार्गाविषयी मामांचा शिल्लकीचा मुद्दा उडविता येत नाही. तेथे कायदा 80 म्हणतो आणि वाहतुकीचा लोंढा त्याला जुमानत नाही. मागून येणारा मालट्रक जेव्हा आरसा भरून टाकतो तेव्हा पुढे निसटण्यापुरती ताकद हाताशी असणे ही चैन नव्हे. वैदेहीने हे नाकारले नाही. त्या महामार्गावर आपण डाव्या पदराला धरून राहतो, मागचा जवळ आला तर वेळीच वाट देतो, आणि तेथे आपली गाडी आपल्याला अपुरी वाटते, असे तिने सरळ सांगितले. वाहन निवडताना ते कोठे अपुरे पडणार हे आधी ठाऊक असणे, आणि त्या ठिकाणी अहंकार न धरता बाजूला होणे, यात मला मोठे शहाणपण दिसते. करवसुली खात्यानेही नकळत अशीच एक रेघ ओढून ठेवली आहे: सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील वस्तू व सेवा कर 28 टक्क्यांवरून 18 वर आला, आणि त्यावरच्यांना 40 टक्के लागू झाला. वैदेहीची गाडी 349 सीसीची आहे.

पुढचा भाग वादाचा नव्हता. मामांनी विचारले, "रस्त्याची गोष्ट निघालीच आहे तर सांग, ही गाडी तुला खरोखर कुठे मानवते?" आणि वैदेही कुंभार्ली घाटाविषयी बोलू लागली.

"कराडहून मल्हारपेठ, पाटण करीत रस्ता कोयनेच्या काठाने जातो, तिथे 50 ते 55 च्या चालीने गाडी वरच्या गिअरमध्ये पडली की तासभर हात आणि पाय जवळजवळ विसरायला होतात. हेळवाक मागे टाकून घाटमाथ्यावर पोहोचले की हवा बदलते, आणि पावसाळ्यात तर पंधरा मीटरपलीकडचे दिसत नाही असे धुके येते. खरी परीक्षा उतरताना असते. पुढे चिपळूणकडे जाणारे ट्रक पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असतात, रस्ता ओला, वळणावर डिझेल सांडलेले. मी तिसरा गिअर घालते आणि मूठ पूर्ण सोडते. ब्रेकला फार हात लावावा लागत नाही, इंजिनच गाडीला धरून ठेवते. वळण जवळ आले की दुसरा, वळण सुटले की पुन्हा तिसरा. जलद फिरणाऱ्या इंजिनावर मूठ जराशी हलली तरी गाडी उसळते. इथे मूठ आणि चाक यांच्यामध्ये थोडा अवकाश असतो, आणि ओल्या वळणावर तो अवकाश फार मोलाचा आहे. वजनालाही तिथे अर्थ येतो. दरीतून आडवा वारा आला तर हलकी गाडी सरकते, ही सरकत नाही. पोफळीला खाली उतरले की मान ताठलेली नसते, मनगटे दुखत नाहीत. कारण सबंध वाट मी ताठ बसून आलेली असते, समोर पाहत, आणि कडेच्या कातळातून कोणता ओहोळ नवा सुटला आहे हेही माझ्या ध्यानात राहिलेले असते. सह्याद्रीच्या घाटांना याहून जलद वाहन लागत नाही. ते रस्तेच या चालीचे आहेत."

मामांनी मान डोलावली. घाटाच्या उताराविषयी त्यांचे दुमत नव्हते. जुन्या गाडीचे फ्लायव्हील जड असे आणि उतारावर तीही अशीच धरून ठेवी, असे ते म्हणाले. मग त्यांनी एकदम विषय पालटला.

"आता आवाजाचे बोल. तुझ्या या गाडीने गावोगाव जो उपद्रव मांडला आहे त्याचे काय? सायलेन्सर काढून दुसरा बसवायचा, रात्री-अपरात्री चौकातून फटाके वाजवीत जायचे, आणि दवाखाना, शाळा, आजारी माणूस कशाचीही पर्वा करायची नाही."

"माझ्या गाडीचा सायलेन्सर कारखान्यातून आला तोच आहे," वैदेही म्हणाली.

"तुझ्याविषयी मी म्हणतच नाही. पण वस्तू ज्या मिजाशीच्या खुणेसाठी ओळखली जाऊ लागते, त्या मिजाशीचा थोडा भार ती सभ्यपणे वापरणाऱ्याच्याही माथी येतो. 175 सीसीवरच्या दुचाकीला 80 डेसिबलची मर्यादा नियमांत लिहिलेली आहे. मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम सांगते की नोंदणीच्या दाखल्यातला तपशील बदलेल असा फेरफार वाहनात करता येत नाही. पोलीस असले सायलेन्सर जप्त करून रोलरखाली चिरडतात, त्याच्या बातम्या येतात, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. बंदोबस्त करून हे थांबत नाही, कारण घेणारा गाडी घेतो तीच मुळी लोकांनी वळून पाहावे म्हणून."

या बाबतीत मी मामांच्या बाजूचा आहे, आणि अगदी मनापासून आहे. ज्या नादाचे मर्म वैदेहीने इतक्या नेमकेपणाने सांगितले, त्याच नादाला विद्रूप करून तो दुसऱ्याच्या कानांत भरणारा मनुष्य या यंत्राचा सर्वांत मोठा शत्रू आहे, कारण त्याच्यामुळे मंद, गंभीर, स्वतःपुरता चालणारा तो ठोका आता लोकांच्या मनात दंडेलीशी जोडला गेला आहे. वैदेहीला मी हे बोलून दाखविले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मला तर याचा दुहेरी त्रास होतो. ही गाडी दांडग्या पुरुषाची, असे लोकांच्या मनात इतके पक्के आहे की पेट्रोल पंपावर मला हमखास विचारतात, 'ताई, ही झेपते का तुम्हाला?'"

"आणि झेपते का?" मामांनी विचारले. प्रश्नात कुचेष्टा नव्हती. तपासणी अंमलदाराचा तो सरळ प्रश्न होता.

वैदेही उठून अंगणात गेली आणि आम्हीही तिच्यामागे गेलो. तिने गाडी मधल्या स्टँडवर चढवून दाखविली. डावा हात हँडलवर, उजवा मागच्या दांडीवर. उजव्या पायाने स्टँडची पट्टी आधी इतकीच दाबली की त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकले आहेत हे तळव्याला कळावे. मग गाडीला वर उचलण्याचा काहीही प्रयत्न न करता तिने आपला सगळा भार त्या एका पायावर उभा केला, आणि 195 किलोची गाडी जराशी मागे सरकून आपोआप वर बसली. हातांनी गाडीला केवळ सरळ धरले होते. "बैठक 805 मिलिमीटर उंच आहे, माझे दोन्ही पाय जमिनीला टेकतात. चालताना वजन जाणवत नाही. जाणवते ते चिखलात, उतारावर तोंड करून लावलेली गाडी मागे ओढताना, आणि तिथे मी कोणालातरी हाक मारते."

मामा स्टँडवरच्या त्या गाडीभोवती एकदा फिरले. जुन्या सवयीने त्यांनी साखळीचा ताण बोटाने पाहिला, मागचे टायर दाबून पाहिले, आरे एकेक करून नखाने वाजविले. आणि मग मला वाटते त्यांना जो मुद्दा आरंभापासून हवा होता तो सापडला.

"वैदेही, तू म्हणालीस की तू चाल घेतलीस आणि रूप बरोबर आले. मग या चाकांचा खुलासा कर. ही आऱ्यांची चाके आहेत. म्हणून आत ट्यूब आहे. खिळा घुसला तर ट्यूबची हवा बघता बघता जाते आणि गाडी डगमगू लागते; पंक्चर काढायला चाक उतरवावे लागते, आणि मागचे चाक कुंभार्लीच्या वळणावर, पावसात, एकटीने उतरवणे कसे असते हे मला तू सांगू नकोस. याच नमुन्याच्या काही प्रकारांना कारखाना मिश्रधातूची चाके आणि बिनट्यूबचे टायर बसवून देतो. त्यांत खिळा गेला तर हवा सावकाश जाते, आणि रस्त्याच्या कडेला चाक न काढता पाच मिनिटांत बुजवता येते. इंजिनाच्या चालीशी आऱ्यांचा काय संबंध? पिस्टनची लांब धाव मिश्रधातूच्या चाकांवर कमी लांब होते का?"

वैदेहीने लगेच उत्तर दिले नाही. तिच्याजवळ या प्रश्नाला उत्तर नाही हे आम्हा तिघांनाही समजले होते, आणि मामा पुढे काही बोलले नाहीत हा त्यांचा मोठेपणा.

"संबंध काही नाही," अखेरीस ती म्हणाली. "ही चाके मला आवडतात. ऊन पडले की फिरणाऱ्या आऱ्यांतून जो उजेड दिसतो तो आवडतो. एवढेच कारण आहे."

"ते कारण खोटे नाही," मामा म्हणाले. "पण तू एकटी जातेस, आणि घाटात जातेस."

"मग बदलीन. हे टायर झिजेपर्यंत मला मुदत द्या. नवे घालायची वेळ येईल तेव्हा चाकेच बदलून घेईन."

"कारखान्याचीच घ्यायची, बाहेरची नाही, पावती जपून ठेवायची, आणि परिवहन कार्यालयात आधी विचारून घ्यायचे की दाखल्यावर नोंद लागते का. मुदत मंजूर. पण तोवर डिकीत जादा ट्यूब, पाना आणि हवेचा पंप पाहिजे, आणि मागचे चाक कसे काढायचे ते आज इथे, माझ्यासमोर काढून दाखवायचे."

वैदेही पाने आणायला आत गेली, आणि मामांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या.